फळी चांगली, पण कोणत्या पाण्यावर?

कर्वेनगरात राहणाऱ्या माणसाने समुद्रावरच्या खेळाचा इतिहास लिहावयास घ्यावा, हे पाहून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतील. हे गाव मूळचे हिंगणे बुद्रुक. अण्णासाहेब कर्व्यांनी १९०० साली आपला आश्रम येथे आणला, १९१६ साली महिला विद्यापीठाचा आरंभही येथेच केला, आणि पुढे गावाला त्यांचेच नाव मिळाले. तेव्हा येथली परंपरा म्हणावयाची तर ती पाटी-पेन्सिलीची, शिडाची नव्हे. पाणी म्हणाल तर वर खडकवासल्याहून सुटेल तेवढेच मुठेला असते. समुद्र राहिला घाटापलीकडे! तरीही आमच्या इमारतीच्या जिन्याखाली गेले दीड वर्ष शिडाची एक फळी उभी आहे, आणि येणारा-जाणारा प्रत्येकजण तिच्याकडे पाहून एकच प्रश्न विचारतो, “चांगली आहे का हो?”

फळी माझ्या पुतण्याची. वय वर्षे एकोणीस. लांबी सव्वादोन मीटरच्या थोडी पुढे, रुंदी पाऊण मीटर, वजन सातआठ किलो. लग्नातल्या पंगतीचा पाट कोणी ओढून लांब करावा तसा हिचा आकार. पोटाशी फेस, वर कार्बनच्या धाग्यांचे कवच. शेपटीखाली माशाच्या परासारखे एक पाते. मध्यभागी चहूबाजूंनी वळणारा एक सांधा, त्यात डोलकाठी बसवावयाची. हिला सुकाणू नाही. डोलकाठीला ताणदोर नाहीत. उभा राहणारा माणूसच ताणदोर आणि तोच सुकाणू. अशा फळ्यांत तिची जात ‘स्लॅलम’. हा शब्द मूळचा नॉर्वेतला, बर्फाच्या उतारावर वळणे घेत घसरत येण्याच्या खेळातला. पाण्यावर त्याचा अर्थ एवढाच की वारा बाजूने वा पाठीमागून घेत, तरत्या खुणांना वळसे घालीत, सर्वांच्या आधी पोचावयाचे.

पुतण्याने दोन वर्षे शिकवण्या करून साठविलेले पैसे घालून ही फळी कोणाची वापरलेली घेतली. आणि घेतल्यावर सहा महिन्यांतच त्याच्यापुढे पेच उभा राहिला, की ही ठेवावी, का विकून नव्या तऱ्हेची, पाण्याखाली पंख असलेली फळी घ्यावी? परदेशी परीक्षकांचे अभिप्राय त्याने वाचले होते. एक म्हणे, हिच्यासारखी दुसरी नाही. दुसरा म्हणे, ही अवघड आहे. त्याच्या आईला, म्हणजे आमच्या वहिनींना, एवढेच कळत होते की पोराची पुंजी जिन्याखाली उभी आहे. त्याला सल्ला देण्याइतके मला पोहताही येत नाही. पण जुन्या गोष्टी चाळण्याची मला खोड आहे. म्हणून ‘चांगली’ या शब्दाचा नौकांच्या इतिहासात काय अर्थ होत आला आहे, तेवढे शोधावयाचे मी पत्करले.

आरंभ आपल्याच किनाऱ्यापासून करू. मराठ्यांच्या आरमारात दोन जातींची जहाजे मुख्य होती, गुराब आणि गलबत. गुराब मोठे, दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, नाळेवरून तोफा डागणारे. गलबत लहान, चपळ, वल्ह्यांचे. दोन्हींचे बूड उथळ. आता विलायतेच्या बंदरात नेऊन त्यांची परीक्षा घेतली असती तर ती नापासच झाली असती! महासागराच्या लाटा अंगावर घेण्याची ताकद त्यांच्यात नव्हती, आणि पावसाळ्यात तर ती खाडीत ओढून शाकारून ठेवावी लागत. पण कान्होजी आंग्र्यांच्या काळी कोकणच्या पाण्यात, वारा मंदावलेला असताना, हीच जहाजे कंपनीच्या उंच गलेलठ्ठ जहाजांना भारी पडत. वारा पडला की मोठे जहाज खुंटाला बांधल्यासारखे जागीच डुलत राही. इकडे गलबते वल्ह्यांनी गुराबाला ओढून शत्रूच्या पिछाडीला, जिकडे त्याच्या तोफा थोड्या तिकडे, नेऊन उभे करीत. आणि उलटा प्रसंग आला तर उथळ खाडीत शिरत. तेथे मोठे जहाज येईल तर चिखलात रुतेल. तेव्हा चांगले जहाज कोणते? वारा किती आणि पाणी कोणते, हे विचारल्याशिवाय आंग्र्यांच्या तांडेलाने या प्रश्नाचे उत्तर दिले नसते.

अनुभवाची ही गोष्ट पुढे शास्त्राने सिद्ध केली, आणि त्या शास्त्राचे एक घर आमच्या कर्वेनगरापासून दहाबारा किलोमीटरांवर आहे. इंग्लंडात विल्यम फ्रूड नावाचा अभियंता होऊन गेला (१८१० ते १८७९). जहाजाला पाणी किती अडविते, हे जहाज बांधण्याआधीच कळावे, असा त्याचा ध्यास. १८६७ च्या सुमारास त्याने दोन आकारांची लहान जहाजे करून पाण्यातून ओढून पाहिली. एकाचे नाव हंस, दुसऱ्याचे डोमकावळा. एक गुबगुबीत, दुसरे टोकदार. पाहणाऱ्यांची अपेक्षा अशी की दोहोंतले एक कोणते तरी सरस ठरेल. ठरले असे की एका वेगापर्यंत एक सरस, आणि तो वेग ओलांडला की दुसरे! निकाल आकारात नव्हता. आकार आणि वेग यांच्या नात्यात होता. याच प्रयोगांतून फ्रूडचा नियम निघाला. प्रतिकृती जहाजाच्या शंभराव्या हिश्शाइतकी लांब असेल तर ती जहाजाच्या दहाव्या हिश्शाइतक्या वेगाने चालवावी. म्हणजे तिच्या लाटा जहाजाच्या लाटांसारख्याच उठतात. १८७१ साली ग्रेहाउंड नावाचे खरेखुरे जहाज दुसऱ्या जहाजाकडून ओढवून त्याने आपला नियम पडताळून पाहिला, आणि १८७२ साली टॉर्कीला परीक्षेसाठी लांबलचक टाकी उभी राहिली.

आपल्या खडकवासल्याला जी केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था आहे, तिचे मूळ १९१६ सालचे. योगायोग असा की महिला विद्यापीठाचेही वर्ष तेच. तेथे मांडवांखाली बंदरे, खाड्या आणि धरणे अंगणाएवढी करून मांडतात, त्यांत पाणी सोडतात, आणि फ्रूडच्याच नियमाने त्यांचे वागणे मोजतात. संस्थेची नीती एका वाक्यात सांगावयाची तर अशी, की मुंबईच्या बंदराचा प्रश्न असेल तर प्रतिकृतीही मुंबईच्या बंदराची हवी. भरती तेथली, गाळ तेथला, तळ तेथला. दुसऱ्या बंदराच्या उत्तरावर या बंदराचे काम चालत नाही.

आता शिडाच्या फळीकडे वळू. तिचा जन्म कोठे झाला याविषयी तीन घरे भांडतात. इंग्लंडातल्या हेलिंग बेटावर १९५८ साली पीटर चिल्व्हर्स नावाच्या बारा वर्षांच्या पोराने प्लायवूडची फळी, तंबूचे कापड आणि पडद्याच्या कड्या असे घरचे सामान जमवून असली एक वस्तू केली आणि खाडीत फिरविली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात न्यूमन डार्बी याने १९६४ मध्ये दुसरी केली. १९६५ च्या ऑगस्टात तिची कृती एका लोकप्रिय विज्ञान मासिकात छापूनही आली. तिसरे घर कॅलिफोर्नियातले. जिम ड्रेक हा विमानविद्येचा अभियंता आणि हॉइल श्वाइत्सर हा लाटांवर फळी खेळणारा, या दोघांनी १९६७ साली सांधा आणि दोन्हीकडून धरावयाचा कमानदार दांडा असलेली फळी पाण्यात उतरविली. १९६८ साली पेटंटासाठी अर्ज, १९७० च्या जानेवारीत मंजुरी. पुढे ड्रेकने आपला वाटा सोडला, श्वाइत्सरने कारखाना काढला, आणि बारा फुटी फळ्या युरोपभर पसरल्या.

मग खटले झाले. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने तेथले पेटंट रद्द ठरविले, कारण त्या बारा वर्षांच्या पोराची फळी त्याआधीच उघड्यावर, चारचौघांदेखत चालली होती. श्वाइत्सरचे वकील म्हणत, पोराचे दांडे सरळ होते, आमचे कमानदार. न्यायालय म्हणाले, सरळ दांडेही वाऱ्याच्या ताणाने वाकून कमानदारच होत होते. पाहा, येथेही निकाल कागदावरच्या रेघांनी दिला नाही. पाण्यावर आणि वाऱ्यात ती वस्तू काय रूप घेत होती, ते पाहून दिला!

बारा फुटांची ती फळी सव्वादोन मीटरवर कशी आली, ही कथा आणखी मौजेची आहे. पाण्यातून जाणारी कोणतीही नौका आपल्यापुढे एक लाट ढकलते. वेग वाढतो तशी ती लाट लांबते, आणि नौकेच्या लांबीएवढी झाली की नौका आपणच केलेल्या खड्ड्यात अडकते. सव्वादोन मीटरांच्या फळीचा हा मुक्काम ताशी सात किलोमीटरच्या आसपास येतो. म्हणजे झपाझप चालणाऱ्या माणसाइतका. म्हणून जुने कारागीर सांगत, वेग हवा तर लांबी वाढवा. पण वस्तू हलकी, पसरट आणि जोर भरपूर असला तर ती लाट फोडीत बसत नाही. लाटेवर चढते आणि वरच्यावर घसरू लागते. मुले नदीवर चपटी खापरी भिरकावून टप्पे मोजतात, तोच हा चमत्कार. १९७७ च्या सुमारास हवाई बेटांत खेळाडूंनी फळीला पायाचे पट्टे ठोकले. त्यामुळे उसळत्या पाण्यात पाय सुटेना, आणि मग लांबी नकोशीच झाली. फळ्या आखूड झाल्या. १९८८ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावर एरिक बील याने शिडाच्या फळीवर चाळीस नॉटांची, म्हणजे ताशी चौऱ्याहत्तर किलोमीटरांची, मर्यादा ओलांडली. तोपर्यंत शिडाच्या कोणत्याही नौकेला नोंदीत हे साधले नव्हते.

आणि २०१५ साली नामिबियात ल्युडेरित्स येथे आंत्वान अल्बो या फ्रेंच खेळाडूने ५०० मीटरांत सरासरी ५३.२७ नॉट गाठले. ताशी जवळजवळ नव्याण्णव किलोमीटर! पण ही शर्यत झाली कोठे? समुद्रावर नव्हे. किनाऱ्यालगत मुद्दाम खणलेल्या एका अरुंद चरात. वारा भन्नाट आणि पाणी मात्र ताटासारखे सपाट. विक्रम खराच आहे, त्यात खोट नाही. परंतु त्या चरातली फळी वेंगुर्ल्याच्या लाटांत टाकली तर तिच्यावर उभे राहणेही कठीण.

हे सारे पुतण्याला सांगितल्यावर तो म्हणाला, “म्हणजे काका, अभिप्राय वाचण्यात अर्थ नाही, असेच ना?” मी म्हटले, “आहे. पण लिहिणाऱ्याचे पाणी, वारा, वजन आणि शीड आधी वाच. निकाल शेवटी वाच.” तेव्हा त्याने एक वही घातली आणि वर्षभरात तीन पाण्यांवर तीच फळी, तेच सात चौरस मीटरांचे शीड, तेच चाळीस सेंटिमीटरांचे पाते घेऊन पाहिले. दर वेळी वीस वळसे. वाऱ्याचा वेग हातातल्या यंत्राने, फळीचा मनगटावरच्या घड्याळाने.

पहिले पाणी पश्चिमेकडच्या एका धरणाचे, एप्रिलातले, रीतसर परवानगी काढून. पाणी सपाट, गोडे. पण वारा डोंगरांच्या खिंडींतून तुटक तुटक येणारा; आता अठरा नॉट, तर मिनिटभराने सात. स्लॅलम फळीला पाण्यावर चढण्यासाठी त्याच्या वजनाला बारा नॉटांच्या आसपास वारा लागतो. झोत आला की ती तीरासारखी सुटे, झोत संपला की पाण्यात बसे. वळसा नेमका झोत संपताना आला की तो पाण्यात! वीसपैकी नऊ वळसे उभ्याने झाले. दुसरे पाणी गोव्याचे, दोनापावलाजवळचे, मेच्या आरंभीचे. दुपारचा खारा वारा एकसारखा, पाणी बारीक खवल्यांचे. तेथे तिचे गुण दिसले. वीसपैकी सतरा वळसे उभ्याने, आणि वहीत लिहिले, “आज ही फळी माझे ऐकते.” तिसरे पाणी वेंगुर्ल्याचे. वारा तेवढाच, पण लाटा आखूड, उभ्या, दोन दिशांनी येणाऱ्या. रुंद फळीच्या पोटाखाली वारा शिरे आणि मोठे पाते तिला वर उचली. तीन दिवस तो धडपडला. चौथ्या दिवशी पाते काढून छत्तीस सेंटिमीटरांचे लावले, डोलकाठीचा पाया दोन बोटे पुढे घेतला, आणि तीच हट्टी फळी सरळ चालू लागली.

याच किनाऱ्यावर त्याला आणखी एक धडा मिळाला. पहाटे पाणी काचेसारखे आणि वारा बरा, म्हणून तो फळी घेऊन निघाला होता. जाळे विणीत बसलेल्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराने हाक मारली, “अरे झिला, ह्यो वारो तुका भायर व्हरतलो, पण परत हाडूचो नाय!” तो मतलई वारा होता, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा. काठाशी पाणी सपाट दिसते ते त्यामुळेच. सांधा तुटला तर फळीसकट माणूस क्षितिजाकडे जातो. पोरगा मुकाट्याने परत फिरला आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्याची वाट पाहत बसला. वहीत त्या दिवशीच्या नोंदीत वेग नाही. ‘वारा जमिनीवरून, गेलो नाही’ एवढेच आहे. मला ती नोंद सगळ्या वहीत मोलाची वाटते. वहिनींना तर तेवढीच वाचून दाखविली.

हा प्रश्न एका पोराच्या फळीपुरता नाही. ऑलिम्पिकमध्ये शिडाची फळी १९८४ साली आली; १९९२ पासून स्त्रियांची शर्यतही सुरू झाली. तेव्हापासून फळीची जात पुनःपुन्हा बदलत आली आहे. २००८ पासून टोकियोच्या स्पर्धांपर्यंत, ज्या २०२१ साली भरल्या, आरएसएक्स नावाची फळी होती. २०१९ साली इटलीत गार्डा सरोवराच्या काठी तोरबोले येथे उमेदवार फळ्यांची कसोटी घेण्यात आली, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकसाठी निवड झाली ती पाण्याखाली पंख असलेल्या आयक्यूफॉइलची. हिला जवळजवळ मीटरभर लांबीच्या दांड्यावर पंख असतो; वेग आला की फळी पाण्याबाहेर उचलली जाते, आणि मंद वाऱ्यातही तरंगत जाते. निवडीची कारणे सबळ होती. तरी कसोटीचे पाणी गार्डाचे होते, आपले नव्हते. आणि एकदा जात बदलली की जगभरच्या खेळाडूंची जुनी फळी एका दिवसात अडगळ होते. श्रीमंत देशात नवी येते. आपल्याकडे पोरे जुनीवरच घाम गाळतात.

आपल्याकडे कर्तृत्व नाही असे मात्र कोणी म्हणू नये. १९८२ च्या आशियाई स्पर्धा दिल्लीला भरल्या, पण शिडाच्या शर्यती मुंबईच्या पाण्यात झाल्या, आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया या जोडीने फायरबॉल जातीच्या होडीत सुवर्णपदक मिळविले. २०२३ साली चीनमधील हांगचौच्या आशियाई स्पर्धांत एबाद अली याने शिडाच्या फळीवर कांस्यपदक मिळविले. ते मिळविले आरएसएक्सवर. म्हणजे ऑलिम्पिकने दोन वर्षांपूर्वी निरोप दिलेल्या फळीवर! फळी जुनी झाली म्हणून पदक उणे होत नाही. पण त्या मुलाला पुढची पायरी चढावयाची तर पुन्हा श्रीगणेशा करावा लागणार, हेही खरेच आहे.

पुतण्याने मग काय केले? वही पुढे ठेवून हिशेब मांडला. धरणाच्या पाण्यात उन्हाळ्यात जागोजागी बुडालेल्या झाडांचे बुंधे वर येतात. मीटरभर खोल पंख तेथे अडकेल, मोडेल, आणि माणसालाही इजा करील. किनाऱ्यावर भरतीला पंख चालेल, ओहोटीला वाळूत घासेल. उलट, स्पर्धेत उतरावयाचे तर पंखाला पर्याय नाही. तेव्हा स्लॅलम फळी त्याने विकली नाही. छत्तीसचे पाते तेवढे नवे घेतले. आणि पंखाची फळी मुंबईला एका मित्राच्या ओळखीने, भरतीच्या वेळा पाहून, उसनी घेऊन शिकावयाची ठरविली. पुंजी शाबूत राहिली. मन द्विधा होते, ते एक झाले.

त्याच्या वहीचे रकाने मी पाहिले. पहिला रकाना ‘कोठे’, दुसरा ‘वारा कोणता’, तिसरा ‘पाणी कसे’, चौथा ‘काय लावले होते’, आणि अगदी उजवीकडे, सर्वांत अरुंद, ‘कशी चालली’. आपल्या सातशेवर किलोमीटरांच्या किनाऱ्यावर आणि घाटमाथ्यावरच्या धरणांवर जी पोरे हल्ली फळ्या घेऊन उतरतात, त्यांनी प्रत्येकाने अशी एक वही ठेवली, तर दहा वर्षांत आपल्या वाऱ्यांची आणि पाण्यांची अशी पोथी तयार होईल की जी कोणत्याही परदेशी कारखान्यात विकत मिळावयाची नाही. मग पुढची फळी निवडताना गार्डाकडे जरूर पाहावे. पण उजवीकडचा रकाना भरण्याआधी डावीकडचे चार भरावेत. कान्होजींचे तांडेल लिहीत नसतील, पण एवढे त्यांना तोंडपाठ होते.